गिटच्या नोंदीत नसलेली वर्षं: केजीडीबीचा इतिहास आणि पुरावा वाचण्याची पद्धत

सॉफ्टवेअरचा इतिहास लिहायचा म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, यात इतिहासकाराला काम ते काय? लिनक्ससारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर असेल तर सगळंच उघड्यावर आहे. कुठली ओळ कोणी लिहिली, कोणत्या तारखेला लिहिली, का बदलली, सगळ्याची नोंद आहे. गिटला विचारायचं, गिट सांगतं. झालं.

हा समज किती अपुरा आहे ते आज एका उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे केजीडीबी, म्हणजे लिनक्स कर्नलमधले बग शोधण्याचं साधन. त्याच्या देखभालीचा एक महत्त्वाचा टप्पा पुण्यातून पार पडला. पण गिटला विचारलंत तर हा टप्पा जवळपास दिसतच नाही.

आपल्याकडे पेट पास झालं की कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धतीचा पेपर असतो. त्यात 'प्राथमिक साधनं' आणि 'दुय्यम साधनं' यांच्या व्याख्या आपण पाठ करतो. पण प्राथमिक साधनही अर्धवट बोलतं, ते कुठे गप्प बसतं हे ओळखावं लागतं, हे व्याख्येत नसतं. ते एखादं साधन हातात घेऊनच कळतं. म्हणून हा लेख संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकाच इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

आधी अडचण समजून घेऊ

साध्या प्रोग्रॅममध्ये बग आला की आपण डीबगर लावतो. लिनक्सवर त्यासाठी जीडीबी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ मध्ये लिहिला. डीबगर काय करतो? चालू प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवतो, व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दाखवतो आणि मग एकेक पाऊल पुढे नेतो.

पण प्रोग्रॅमला थांबवण्याचं खरं काम कर्नल करतं. डीबगर फक्त कर्नलला विनंती करतो. आता बग कर्नलमध्येच असेल तर? कर्नल थांबवलं की कीबोर्ड थांबला, स्क्रीन थांबली, डिस्क थांबली आणि डीबगरसुद्धा थांबला. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायची, असा प्रकार.

यावर जुना उपाय म्हणजे दोन मशीन घ्यायची. एकावर बग असलेलं कर्नल, दुसऱ्यावर जीडीबी आणि मध्ये सिरियल केबल. पहिल्या मशीनच्या कर्नलमध्ये एक छोटा कोड बसवायचा, त्याला 'स्टब' म्हणतात. बाकी सगळं कर्नल थांबलं तरी हा स्टब जागा राहतो आणि केबलवरून येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देतो.

ही भाषा अगदी साधी आहे. प्रत्येक संदेश डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, हॅशच्या चिन्हाने संपतो आणि त्यापुढे दोन अंकी चेकसम असतो. संदेश नीट पोचला तर समोरून अधिकचं चिन्ह येतं, बिघडून पोचला तर उण्याचं. 'जी' म्हणजे रजिस्टर वाच, 'एम' म्हणजे मेमरी वाच, 'एस' म्हणजे एक पाऊल पुढे जा, 'सी' म्हणजे चालू दे.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात खाचाखोचा फार. हव्या त्या ठिकाणी थांबण्यासाठी तिथली मूळ सूचना काढून 'थांब' अशी सूचना लिहावी लागते. इंटेलच्या प्रोसेसरवर ती एका बाइटची असते. नंतर मूळ बाइट जसाच्या तसा परत ठेवावा लागतो. मशीनमध्ये एकापेक्षा जास्त प्रोसेसर असतील तर एकाला थांबवून भागत नाही, बाकीच्यांनाही गोळा करून उभं करावं लागतं. नाहीतर आपण मेमरी वाचत असताना दुसरा प्रोसेसर ती बदलत असतो. शिवाय कर्नलमध्ये 'वॉचडॉग' असतो. बराच वेळ हालचाल दिसली नाही की तो समजतो मशीन अडकलं. म्हणून पुन्हा चालू करताना त्यालाही समजवावं लागतं, की बाबा, घोटाळा काही नाही, आपण मुद्दाम थांबलो होतो.

यातली प्रत्येक गोष्ट कर्नलच्या आतल्या रचनेला चिकटलेली आहे. रचना बदलली की हा कोडही बदलावा लागतो. पुढच्या सगळ्या इतिहासाचं मूळ या एका गोष्टीत आहे.

फाइलच्या डोक्यावरचा लेख

आता साधन हातात घेऊ. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये 'कर्नल' नावाचं फोल्डर आहे, त्यात 'डीबग' नावाचं फोल्डर आणि त्यात 'डीबग_कोअर.सी' ही फाइल. केजीडीबीचा गाभा इथे आहे. फाइलच्या सुरुवातीला, कोड सुरू होण्याआधी, कॉपीराइटच्या काही ओळी आहेत. एरवी आपण त्या वाचतही नाही. त्यांचा मजकूर साधारण असा:

- २०००–२००१, व्हेरिटास सॉफ्टवेअर कॉर्पोरेशन
- २००२–२००४, टाइमसिस कॉर्पोरेशन
- २००३–२००४, अमित एस. काळे
- २००४, पावेल माखेक
- २००४–२००६, टॉम रिनी
- २००४–२००६, लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज प्रा. लि.
- २००५–२००९, विंड रिव्हर सिस्टिम्स
- २००७, मोंटाव्हिस्टा सॉफ्टवेअर
- २००८, रेड हॅट, इंगो मोल्नार

त्याखाली 'वर न आलेले' योगदानकर्ते म्हणून आणखी काही नावं आहेत: जेसन वेसल, जॉर्ज अँझिंगर, लेक स्टीव्हन्स इन्स्ट्रुमेंट डिव्हिजनचे ग्लेन एंगेल, सिग्नस सपोर्ट वगैरे. आणि शेवटी मूळ स्टब लिहिणारे म्हणून डेव्हिड ग्रोथ आणि तिग्रान ऐवाझियान.

ही यादी म्हणजे छोटासा शिलालेखच समजा. आता शिलालेख वाचताना जे प्रश्न विचारतो तेच इथे विचारू.

पहिला प्रश्न: इथलं नाव नेमकं काय सांगतं? राष्ट्रकूट राजांच्या लेखांमध्ये 'लट्टलूर नगराचे स्वामी' अशा अर्थाचं बिरुद येतं. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. पण अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं मळखेड. नंतरच्या काळात सौंदत्तीच्या रट्टांनीही हेच बिरुद लावलं. म्हणजे हे बिरुद मुळाबद्दलचा दावा सांगतं, राजा कुठे बसून कारभार करत होता ते सांगत नाही. कॉपीराइटच्या ओळीचंही तसंच आहे. ती हक्क कोणाचा ते सांगते. कोड कोणी टाइप केला हे ती सांगेलच असं नाही. पहिल्या ओळीत फक्त व्हेरिटास आहे, माणूस नाही, कारण नोकरीत लिहिलेल्या कोडचा हक्क कंपनीकडे जातो. त्या काळातले केजीडीबीचे पॅच उघडले की लेखक म्हणून अमित काळे यांचं नाव दिसतं. म्हणजे यादीतल्या तीन वेगवेगळ्या ओळी, व्हेरिटास, अमित काळे आणि पुण्याची लिनसिससॉफ्ट, एकाच माणसाच्या कामाचे तीन टप्पे आहेत: आधी नोकरीत, मग स्वतःच्या नावावर, मग कंपनीच्या नावावर. यादी एकटी वाचली तर हे कळत नाही. दुसऱ्या साधनाशी ताडून बघितलं की कळतं.

दुसरा प्रश्न: क्रम कशाचा आहे? वरून खाली बघितलं की लक्षात येतं, क्रम सुरुवातीच्या वर्षाचा आहे. वरचा मोठा आणि खालचा छोटा, असं समजायचं नाही.

तिसरा प्रश्न: नावातला सापळा. ऐवाझियान यांच्या नावापुढे एससीओ या कंपनीचा पत्ता आहे. लिनक्सचा इतिहास थोडाफार वाचलेला विद्यार्थी लगेच म्हणेल, 'अरे, २००३ मध्ये आयबीएमवर लिनक्सवरून खटला भरला तीच ही कंपनी!' थांबा. जुनी एससीओ म्हणजे सांताक्रूझ ऑपरेशन. २००१ मध्ये तिचा युनिक्सचा व्यवसाय काल्डेरा कंपनीने घेतला आणि २००२ मध्ये काल्डेराने स्वतःचं नाव एससीओ ग्रुप करून घेतलं. खटला भरला तो या दुसऱ्या कंपनीने. मूळ स्टबचं काम २००० च्या आधीचं, म्हणून पत्ता पहिल्या कंपनीचा. नाव सारखं दिसलं म्हणून व्यक्ती किंवा संस्था एक धरायची नाही. शिलालेखांत एकाच नावाचे दोन राजे सापडतात तेव्हा आपण हीच काळजी घेतो.

डीबगर नको, असं का म्हटलं गेलं?

आता मुख्य घटनाक्रमाकडे येऊ. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं. मुख्य कर्नलमध्ये काय येणार याचा शेवटचा निर्णय त्यांचा. आणि कर्नलमध्ये डीबगर असावा या कल्पनेला त्यांचा विरोध होता. सप्टेंबर २००० मध्ये त्यांनी ईमेलवरच्या चर्चेत तो सविस्तर मांडला. मुद्दा थोडक्यात असा: डीबगर हाताशी असला की माणूस कोड समजून घेण्याऐवजी लक्षणं झाकायला लागतो. कुठे क्रॅश झालं ते बघायचं, तिथे एक 'इफ' टाकायचा आणि पुढे जायचं. त्यांना असे लोक हवे होते जे सोर्स वाचतील, विचार करतील आणि मगच बदल करतील. काम अवघड राहिल्यामुळे काही जण सोडून जात असतील तर त्याचीही त्यांची तयारी होती.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला प्रोग्रॅम चालत नाही म्हणून इथे-तिथे ओळी बदलत बसणारे आपण सगळ्यांनी बघितलेत. पण दुसऱ्या बाजूचंही खरं होतं. कर्नल मोठं होत चाललं होतं. नवीन हार्डवेअरसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला दुसऱ्या कोणी लिहिलेल्या हजारो ओळींमध्ये आपला बग शोधायचा असतो. त्याला नुसता 'ऊप्स', म्हणजे क्रॅशच्या वेळी कर्नल छापतं तो रजिस्टरचा आणि फंक्शनच्या साखळीचा उतारा, नेहमी पुरत नाही. अँड्र्यू मॉर्टन हे लिनस यांच्याच जवळचे मोठे मेंटेनर. त्यांनी स्वतःच्या प्रायोगिक कर्नलमध्ये जॉर्ज अँझिंगर यांची केजीडीबी बराच काळ ठेवली होती. म्हणजे मतभेद आतल्याच माणसांमध्ये होता.

बाहेर राहण्याची किंमत

मुख्य कर्नलमध्ये जागा नाही म्हटल्यावर केजीडीबी 'पॅच' म्हणून बाहेर राहिली. ज्याला हवी त्याने कर्नल उतरवायचं, त्यावर पॅच चढवायचा आणि मग कंपाइल करायचं. वापरणाऱ्याला हा थोडा त्रास. देखभाल करणाऱ्याला मात्र हा कायमचा व्याप.

कारण असं. पॅचमध्ये फक्त 'या ओळींच्या मध्ये ह्या ओळी घाला' असं लिहिलेलं असतं. मुख्य कर्नलमध्ये कोणी आजूबाजूच्या ओळी बदलल्या की पॅच बसत नाही. आणि कर्नलच्या आतली रचना सारखी बदलते. बाहेरच्या कोडसाठी ती स्थिर ठेवायची नाही, हे तिथलं जाहीर धोरणच आहे. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आलं, त्यात तर खूप काही उलटंपालटं झालं. कोड मुख्य कर्नलच्या आत असता तर रचना बदलणाऱ्यानेच केजीडीबीची ओळही बदलली असती, तसा तिथला शिरस्ता आहे. बाहेर असल्यामुळे ते ओझं एकट्या मेंटेनरवर. नवीन आवृत्ती आली की जुना पॅच चढवून बघा, कुठे अडला ते शोधा, तिथे आत काय बदललं ते वाचा, दुरुस्त करा, वेगवेगळ्या प्रोसेसरवर तपासा. एवढं करून केजीडीबी पूर्वी जिथे होती तिथेच आली. नवीन काही दिसलं नाही. म्हणूनच देखभालीचं काम इतिहासात येत नाही. ते नीट झालं तर काहीच घडल्यासारखं वाटत नाही.

याच काळात अमित काळे यांची केजीडीबी आणि मॉर्टन यांच्या कर्नलमधली केजीडीबी अशा दोन शाखा झाल्या होत्या. २००४ मध्ये त्या एकत्र आणून कोड स्वच्छ करण्याची खटपट झाली. सर्व प्रोसेसरना समान असणारा गाभा वेगळा, प्रोसेसरनुसार बदलणारा भाग वेगळा आणि केबल किंवा नेटवर्कवरून बोलणारा भाग वेगळा, अशी मांडणी झाली. वरच्या यादीत २००४ या वर्षाभोवती नावांची गर्दी का आहे, त्याचं उत्तर इथे मिळतं.

२००८

शेवटचा टप्पा विंड रिव्हरच्या जेसन वेसल यांनी पूर्ण केला. २००८ च्या सुरुवातीला इंगो मोल्नार यांनी कोड बराच हलका केला. वापर नसेल तेव्हा कर्नलच्या नेहमीच्या कामात केजीडीबीची लुडबूड नको, ही त्यामागची अट होती. एप्रिल २००८ मध्ये गाभा मुख्य कर्नलमध्ये गेला आणि जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ या आवृत्तीतून तो सगळ्यांच्या हातात पडला. नेटवर्क केबलवरून डीबग करण्याचा भाग मात्र बाहेरच राहिला. २०१० मध्ये २.६.३५ या आवृत्तीत केडीबी हा दुसरा डीबगरही त्याला जोडला गेला.

मग विरोध चुकीचा ठरला का? माझं वाचन असं आहे की नकारामुळे दोन गोष्टी एकदम झाल्या. आत आलेला कोड आधीपेक्षा पुष्कळ नेटका होता, ही एक. आणि मधल्या वर्षांचे श्रम बाहेर झाले म्हणून त्यांची मुख्य नोंद राहिली नाही, ही दुसरी. यातली पहिली लिहून दुसरी गाळली तर इतिहास जिंकणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

गिट काय सांगतं आणि काय नाही

आता गिटकडे येऊ. तीन ठिकाणी काळजी घ्यावी लागते.

एक, नोंद कुठून सुरू होते? कर्नलच्या गिटमधली पहिली नोंद १६ एप्रिल २००५ ची आहे, आवृत्ती २.६.१२-आरसी२. त्या एका नोंदीत १७ हजारांहून जास्त फाइली आणि ६७ लाखांवर ओळी आहेत, लिनस यांच्या नावावर. जुना इतिहास उपलब्ध आहे, पण तो ३.२ जीबी भरतो म्हणून इथे घेतला नाही, असं त्यांनी नोंदीतच लिहून ठेवलंय. ते न वाचता 'गिट ब्लेम' चालवलं तर जुन्या प्रत्येक ओळीपुढे लिनस यांचं नाव आणि तीच तारीख दिसते. एका माणसाने एका दिवसात ६७ लाख ओळी लिहिल्या, असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. पण एका फाइलपुरतं बघताना हीच चूक सहज होते.

दोन, नाव कधी बदललं? २०१० पर्यंत केजीडीबीच्या गाभ्याची फाइल 'केजीडीबी.सी' होती. नंतर ती 'डीबग_कोअर.सी' झाली. 'गिट लॉग'ला 'फॉलो' हा पर्याय दिला नाही तर इतिहास २०१० लाच थांबतो. लातूर जिल्ह्यावर काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीचे कागद बघायचे तर उस्मानाबाद जिल्ह्याचे काढावे लागतात. 'लातूर जिल्हा' एवढाच शब्द धरून शोधणाऱ्याला १९८२ च्या मागे काहीच मिळणार नाही आणि काही घडलंच नव्हतं असं त्याला वाटेल.

तीन, नोंद कोणाच्या हाताने झाली? एप्रिल २००८ ची गाभ्याची नोंद जेसन वेसल यांच्या नावाने आहे. त्यात गैर काही नाही, त्यांनीच ती पाठवली. पण 'गिट ब्लेम' त्या फाइलच्या सुरुवातीच्या ओळींपुढे त्यांचंच नाव दाखवतं. आधीच्या सात-आठ वर्षांतले हात तिथे दिसत नाहीत.

यातली गंमत बघा. अमित काळे यांचं नाव गिटमध्ये शोधलं तर ते सापडतं, पण वेगळ्याच ठिकाणी. २००६ मध्ये नेटझेन कंपनीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला, तो त्यांच्या सहीने. म्हणजे नुसत्या गिटवरून कोणी प्रबंध लिहिला तर त्यात ते 'एका नेटवर्क ड्रायव्हरचे लेखक' म्हणून येतील. केजीडीबीचं नावही निघणार नाही. नोंद खोटी नाही. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा निघेल.

आपल्या कामासाठी यातून काय घ्यायचं

पहिलं, साधन हातात आलं की ते कोणत्या तारखेपासून बोलायला लागतं ते आधी बघा. त्याच्या मागचा काळ रिकामा नसतो.

दुसरं, एका साधनाचं मौन दुसऱ्या साधनाने तपासा. इथे गिट गप्प होतं तिथे फाइलच्या डोक्यावरची यादी बोलली. यादी अपुरी पडली तिथे जुने पॅच आणि ईमेलवरच्या चर्चा उपयोगी पडल्या.

तिसरं, अभिमान आणि पुरावा वेगळे ठेवा. 'लिनक्सचा डीबगर पुण्यात बनला' असं वाक्य टाळ्या मिळवेल, पण ते टिकणार नाही. मूळ स्टब दुसऱ्यांचा, शेवटची जोडणी दुसऱ्यांची. टिकणारं वाक्य असं: मुख्य कर्नलने दार बंद ठेवलं त्या वर्षांत केजीडीबी जिवंत ठेवण्याच्या कामात पुण्यातल्या मेंटेनरचा मोठा वाटा होता. हे वाक्य लहान आहे, पण व्हायव्हाला कोणी कितीही खोदून विचारलं तरी ते उभं राहतं.

करून बघायचं असेल तर नांदेड असो की लातूर, इंटरनेट आणि एक साधा लॅपटॉप पुरेसा आहे. कर्नलचा सोर्स उतरवा. 'ड्रायव्हर्स' फोल्डरमधली कुठलीही एक जुनी फाइल घ्या. तिच्या डोक्यावरची नावं एका रकान्यात लिहा, 'गिट लॉग'मधली नावं दुसऱ्या रकान्यात. पहिल्या रकान्यात असलेलं पण दुसऱ्यात नसलेलं जे नाव सापडेल, तो तुमचा संशोधनप्रश्न.